गार्डसाहेब आणि माझी पेटी

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या पेटीला घरात काही किंमत उरली नव्हती. मुलींच्या सरकारी शाळेत मी संगीत शिकवायचे, तेव्हा पंधरा ऑगस्ट असो की कुणाचा निरोप समारंभ, मी आणि पेटी दोघी लागायचोच. निवृत्तीनंतर ती बैठकीच्या कोपऱ्यात गेली आणि आमच्या ह्यांनी तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं रचायला सुरुवात केली.

तुळशीचं लग्न नुकतंच आटोपलं होतं. उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत शेजारच्या घरात एक निवृत्त नर्स राहतात. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते आणि सगळी कॉलनी त्यांच्याकडून फुकट ब्लडप्रेशर मोजून घेते. त्या सकाळी कुंपणाच्या भिंतीपाशी आल्या, म्हणाल्या, "दीदी, बड़ी मुसीबत हो गई. हमारे बाजेवाले भैया बेटे के पास जबलपुर चले गए. हमेशा के लिए."

सिस्टर बैतूलकडच्या, लूथरन ख्रिस्ती मंडळीतल्या. त्यांची मंडळी अगदी छोटी. कुणी रेल्वेतून, कुणी दवाखान्यातून, कुणी शाळेतून बदली होऊन उज्जैनला आलेलं आणि इथंच राहिलेलं. म्हणजे थोडक्यात आम्हा मराठी लोकांसारखंच. बड्या दिवसाच्या, म्हणजे नाताळच्या, आधी चार रविवार असतात, त्यांना ते आगमन म्हणतात. आगमन तोंडावर आलेलं आणि पेटी वाजवायला माणूस नाही.

"आप बजा देंगी? बस चार इतवार और बड़ा दिन."

मी विचार करण्याचं नाटक केलं. खरं तर वर्तमानपत्रं मनातल्या मनात उचलून झाली होती.

ह्यांनी ऐकलं तेव्हा चष्मा वर केला. "तुला येतं का त्यांचं गाणं?"

"सूर बाराच असतात," मी म्हटलं. "त्यांचे काय तेरा आहेत?"

शनिवारी सरावाला गेले. मोठं टोकदार शिखराचं चर्च असेल असं मनात धरलं होतं. निघाला एक साधा पांढरा हॉल, वर क्रूस, आत निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि समोर वेदीवर जांभळं कापड. पादरीसाहेब तरुण, सडपातळ, बोलायला फार गोड. त्यांनी मला समजावलं की आगमन म्हणजे वाट बघण्याचा काळ. जन्माची आनंदाची गाणी आत्ता गायची नाहीत, ती बड्या दिवसाला. आत्ता धीर धरायचा. वेदीशेजारी मोरपंखीच्या फांद्यांचं कडं करून त्यात चार मेणबत्त्या रोवल्या होत्या. दर रविवारी एक जास्त पेटवायची.

"और दीदी," ते म्हणाले, "हमारे यहाँ गाना पूरी मंडली का होता है. बाजा बस साथ चलता है."

मी मान डोलावली. शाळेत मुख्याध्यापिकाही असंच काहीतरी म्हणायच्या.

चाली मात्र मला आवडल्या. सरळ, भक्कम, पायऱ्या चढल्यासारख्या. फक्त दोन ओळींच्या मध्ये त्यांच्यात काहीच नव्हतं, नुसती शांतता. ती मला मोकळ्या भिंतीसारखी वाटली, आणि मोकळी भिंत दिसली की मी तिथं काहीतरी टांगते. ओळ संपली की मी एक छोटीशी सुरावट टाकायला लागले. सिस्टर खूश. बायका खूश. पादरीसाहेब हसले, पण जरा सांभाळून.

सरावाला एक माणूस आलेला नव्हता, हे मला रविवारी कळलं.

रविवारी पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर, एक उंच म्हातारे गृहस्थ येऊन बसले. करड्या रंगाचा कोट, पांढऱ्याशुभ्र मिशा, पाठ ताठ. मालगाडीचे निवृत्त गार्ड. मंडळीतले सगळ्यात जुने, आणि आजवर गाणं त्यांच्याच आवाजावर चाललेलं. पहिल्या गीताला सगळे उभे राहिले, मी सुरुवात केली, आणि गार्डसाहेबांनी तोंड उघडलं.

आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. पण तो आवाज आमच्याबरोबर नव्हता. आम्ही दुसरी ओळ धरली तेव्हा ते पहिलीच्या शेवटच्या शब्दावर उभे होते, आणि तो शब्द सोडायची त्यांना काही घाई नव्हती. मला वाटलं, वय झालंय, दम लागत असेल. मी थोडी थांबले. ते आणखी हळू झाले. मग मी म्हटलं, ओढून नेऊ या. मी लय वाढवली, बायका माझ्यामागे धावल्या, गीत संपलं, मी भाता बंद केला. आणि त्या शांततेत गार्डसाहेबांनी शेवटची ओळ एकट्याने, सावकाश, पुरी केली. आमेनसुद्धा त्यांनी स्वतंत्र म्हटलं.

प्रार्थनेनंतर मागच्या अंगणात चहा असतो. गार्डसाहेब कप घेऊन माझ्यापाशी आले.

"मैडम, आप नई हैं, इसलिए बता रहा हूँ. गाड़ी ड्राइवर नहीं चलाता."

"मग कोण चालवतो?" मी गडबडीत मराठीतच विचारलं.

त्यांना समजलं. रेल्वेत भुसावळपर्यंत ये-जा केलेला माणूस. "गार्ड," ते म्हणाले. "जब तक गार्ड हरी झंडी न दिखाए, गाड़ी प्लेटफार्म नहीं छोड़ती. आपने आज चार बार बिना झंडी के छोड़ी."

"साहेब, पण प्रवासी सगळे बसले होते."

"गार्ड नहीं बैठा था," एवढं म्हणून ते बिस्किट घ्यायला गेले.

दुसऱ्या रविवारी मी तयारीनं गेले. ओळींमधल्या सुरावटी काढून टाकल्या, म्हटलं त्यांना मध्ये रेंगाळायला जागाच नको. त्यांनीही तयारी केली होती. त्या दिवशी ते पेटीच्या आणखी जवळ बसले आणि माझ्या डाव्या कानात गायले. मंडळीचे दोन तट पडले. तरुण आणि बायका माझ्या बाजूला, म्हातारे आणि पुरुष त्यांच्या, आणि मध्ये बिचारे पादरीसाहेब, ज्यांना आपण कुठल्या ओळीवर आहोत हेच समजेना. त्यांनी उपदेश दिला तो धीरावर. शेतकरी कसा पावसाची वाट बघतो वगैरे. मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. चहाच्या वेळी सिस्टर म्हणाल्या की गार्डसाहेबांना वाटलं, ते त्यांच्यासाठी आहे, आणि ते फार दुखावले आहेत. मला त्यामुळे बरंच बरं वाटलं.

घरी मी सगळं ह्यांना रंगवून सांगितलं. ह्यांनी अख्खं आयुष्य बँकेत काढलं; कुणाच्या भांडणात पडत नाहीत. पण उत्सुकता वाटली असावी. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "पेटी जड आहे, मी येतो सोडायला." सोडायला आले आणि शेवटच्या रांगेत बसून राहिले. चहाच्या वेळी मी बघते तर आमचे हे आणि गार्डसाहेब दोन खुर्च्या ओढून झाडाखाली बसलेले, आणि गप्पा चालल्यात मीटरगेजच्या. ह्यांना रेल्वेचं लहानपणापासून वेड, आणि मी लग्नानंतर कधी त्या विषयाला हातच लावू दिला नव्हता. आता अख्खा गार्ड मिळाला.

स्कूटरवरून परत येताना मी विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"बाजू कसली त्यात," हे म्हणाले. मग थोडं अंतर गेल्यावर, "तू जरा पळतेस, हे मात्र खरं."

मी त्या दिवशी ह्यांच्याशी फक्त हिंदीत बोलले.

चौथ्या रविवारच्या आधी गुरुवारी संध्याकाळी मंडळीची गाण्याची फेरी होती. एक टेम्पो ठरवायचा, त्यात सतरंज्या टाकायच्या आणि घरोघरी जाऊन अंगणात गीतं म्हणायची. पण तो गुरुवार मार्गशीर्षातला शेवटचा. मी दरवर्षी महालक्ष्मीचं व्रत करते. सकाळी घरची पूजा केली, उपास धरला, आणि संध्याकाळी पेटी घेऊन टेम्पोत चढले. सिस्टरनी एक जुनी साडी देऊन पेटी टेम्पोच्या दांड्याला बांधली, घसरू नये म्हणून. प्रत्येक घरी केक मिळायचा. उपास, त्यातून अंड्याचा केक. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी सगळा पर्समध्ये ठेवत गेले. तिसऱ्या घरानंतर पर्स बंद होईना.

माधव नगरात माझी मोठी नणंद राहते. माझ्या ह्या पेटीवादनावर तिची बारीक नजर होती. "गुरुवार लक्ष्मीचा आणि रविवार येशूचा," ती फोनवर म्हणाली होती, "बाकीचे वार अजून मोकळे आहेत का गं?" पण फेरी तिच्या गल्लीतून जाणार हे कळल्यावर तिचा पवित्रा बदलला. "माझ्या दारावरून माणसं गात जातील आणि आत येणार नाहीत? लोक काय म्हणतील? आण त्यांना."

"वन्सं, तुमच्याकडे त्या दिवशी हळदीकुंकू आहे ना?"

"मग? गर्दीत गर्दी."

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात रांगोळी, आत कलशाला साडी नेसवलेली लक्ष्मी, आणि जरीच्या साड्यांतल्या बायकांनी घर भरलेलं. त्या सगळ्या बाहेर ओट्यावर आल्या. आम्ही आगमनातलं मोठं गीत धरलं. राजा येतो आहे, पण थाटामाटात नाही, साध्या वाटेनं येतो आहे, दार उघडं ठेवा, अशा अर्थाचं. कडवी भरपूर. पहिल्या कडव्याला बायका नुसत्या ऐकत होत्या. दुसऱ्याला त्यांनी टाळ्या धरल्या. भजनाच्या टाळ्या. आता आयुष्यभर भजनाला साथ केलेली मी, समोर ठेक्यात टाळ्या पडताहेत, माझे हात ऐकतात होय! लय चढत गेली, टाळ्या चढत गेल्या, शेवटचं कडवं तर आम्ही आरतीच्या वेगानं संपवलं. बायकांनी वाहवा केली. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं, तो हॉर्न वाजवत होता. नणंदेनं सगळ्यांच्या हातात घाईघाईनं केळी आणि पेढे कोंबले, आम्ही चढलो, निघालो.

पुढचं घर फ्रीगंजच्या बाजूला, मंडळीतल्या एका बाईंचं. तिथं तेच गीत सुरू केलं. आणि काय सांगू, इतकं सुरेख कधी झालं नव्हतं. सगळे एका ओळीवर, एका श्वासात, एका आमेनवर. पादरीसाहेबांचा चेहरा उजळला. मी भाता मिटला आणि म्हटलं, "वा! आज जमलं!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "दीदी... गार्ड साहब कहाँ हैं?"

टेम्पोत नव्हते. अंगणात नव्हते. फोन त्यांचा टेम्पोत, त्यांच्या मफलरीखाली, वाजतोय. पादरीसाहेबांनी कपाळाला हात लावला. टेम्पोवाला म्हणाला की त्याला कुणी सांगितलंच नाही. एवढा म्हातारा माणूस, थंडीचे दिवस, परक्या गल्लीत, मफलर नाही. वर मनात एक नकोसा विचार की आत्ताचं गीत चांगलं का झालं ते आता समजलं. आम्ही टेम्पो उलटा फिरवला. वाटेत कुणी गायलं नाही.

नणंदेच्या दारात पोचलो तर ओट्यावर कुणी नाही. आतून आवाज मात्र येत होता. तोच, काच थरथरवणारा.

मी दारातून डोकावले. बैठकीतल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीत गार्डसाहेब बसलेले. शेजारच्या तिपाईवर मसाला दूध. समोर सतरंजीवर हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका मांडी घालून बसलेल्या, आणि ते गीत म्हणत होते. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. ओळ संपली की थांबत होते, आणि त्या थांबलेल्या जागेत बायका तीच ओळ मागून म्हणत होत्या. सगळ्या. सुरात म्हणता येणार नाही, पण एकदम.

मी "वन्सं" म्हणायला तोंड उघडलं तर नणंदेनं ओठांवर बोट ठेवलं. "बस खाली. अजून दोन कडवी आहेत."

मी बसले. माझ्यामागे सिस्टर बसल्या, पादरीसाहेब बसले, अख्खी मंडळी दारापर्यंत बसली. टेम्पोवाला इंजिन बंद करून आला. ते गीत मी तीन आठवडे वाजवत होते आणि त्यात काय म्हटलंय ते मला नीट माहीतच नव्हतं. माझं लक्ष बोटांवर आणि ह्या माणसाला मागे टाकण्यावर. त्या संध्याकाळी पहिल्यांदा शब्द ऐकू आले. एका कडव्यात असं आहे की राजा दाराशी उभा आहे आणि ठोठावायलाही तो घाई करत नाही. तिथं गार्डसाहेब इतके थांबले की मला वाटलं विसरले. विसरले नव्हते. माझे डोळे भरून आले. आवाज त्यांचा तेव्हाही उतरलेलाच होता, चांगला अर्धा सूर. मी संगीत शिक्षिका आहे, ते मला ऐकू आल्याशिवाय राहत नाही. पण डोळे भरून आले हेही तितकंच खरं.

संपल्यावर नणंदेनं सांगितलं ते असं: आम्ही निघालो तेव्हा गार्डसाहेब डोळे मिटून शेवटून दुसरं कडवं म्हणत होते. डोळे उघडले तर अंगण रिकामं. मग त्यांनी न डगमगता शेवटचं कडवं म्हटलं, आमेन म्हटलं, आणि नणंदेला विचारलं, "बहनजी, यहाँ से गाड़ी निकले कितनी देर हुई?"

"मी म्हटलं, आत या आधी," नणंद म्हणाली. "आणि म्हटलं, तुमचं ते गाणं पुन्हा म्हणा, मघाशी आमच्या वहिनीबाईंच्या नादात एक अक्षर कळलं नाही."

गार्डसाहेब उठून उभे राहिले. त्यांच्या हातात वाण होतं. घाईत कुणीतरी त्यांनाही दिलेलं. फळं, आणि हिरव्या बांगड्यांची छोटी डबी. ती त्यांनी कोटाच्या खिशात जपून ठेवली, घरी बायकोला द्यायला म्हणून. मग माझ्याकडे वळले.

"मैडम, पूरी नौकरी में कभी ऐसा नहीं हुआ कि गाड़ी गार्ड को छोड़कर चली जाए."

"चुकलं, साहेब," मी म्हटलं.

"रिपोर्ट नहीं करूँगा," ते म्हणाले, आणि मिशीतून हसले. मी त्यांना हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आमच्यात तह झाला. ह्यांनी तो झाडाखाली चहावर घडवून आणला. बड्या दिवसाला सुरुवातीची कडवी त्यांच्या लयीनं, शेवटचं माझ्या. ते माझ्या उजव्या हाताला बसणार, रुमाल हलवला की मी निघायचं. मला हे जरा पोरकट वाटलं, पण त्यांना फार आवडलं.

बड्या दिवसाच्या सकाळी हॉल ओळखू येत नव्हता. वेदीवर जांभळं जाऊन पांढरं कापड आलेलं, झेंडूच्या माळा, कागदी तारे. पहिली दोन गीतं करारानुसार पार पडली. रुमाल हलला, मी निघाले, शेवटच्या कडव्याला ते माझ्याबरोबर धावलेसुद्धा, धापा टाकत, पण धावले. तेवढ्यात दारात गडबड झाली. माझी नणंद. आणि तिच्यामागे हळदीकुंकवाच्या बायका, त्याच जरीच्या साड्या, नथी, गजरे. "आपकी मंडली ने न्योता दिया था," नणंद पादरीसाहेबांना म्हणाली. तसं निमंत्रण त्यांनी फेरीच्या दिवशी सौजन्य म्हणून सगळ्यांना दिलं होतं. कुणी एवढं मनावर घेईल असं त्यांना वाटलं नसावं. लोकांनी उठून खुर्च्या दिल्या.

पादरीसाहेबांनी पाहुण्यांच्या मानाखातर त्यांना येणारं ते मोठं गीत पुन्हा घेतलं. रुमाल हलला. मी सुरू झाले. बायकांनी आवाज लावला, आणि त्यांना ते गीत गार्डसाहेबांनी शिकवलेलं! शब्दाशब्दाला थांबत, जिथं ते थांबले होते तिथं तितकंच थांबत. शेवटच्या कडव्याला माझी पाळी आली. मी लय उचलली. एकही बाई हलली नाही. मी आणखी उचलली. नणंदेनं मान वळवून माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात जाऊन पोचले. मी सावकाश वाजवायला लागले. गार्डसाहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. आता त्याची गरज नव्हती.

जेवण अंगणात होतं. एका बाजूला पुलाव आणि कोंबडी, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांसाठी पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. हे वाढायला उभे राहिले होते, यजमान असल्यासारखे. गार्डसाहेबांच्या पत्नी त्या दिवशी आल्या होत्या. बारीक, हसऱ्या, हातात हिरव्या बांगड्या. माझ्याशेजारी ताट घेऊन बसल्या.

"आप बुरा मत मानना," त्या म्हणाल्या. "ये घर पर भी ऐसे ही हैं. खाने से पहले प्रार्थना करते हैं तो रोटी ठंडी हो जाती है."

"मग तुम्ही काय करता?"

"अब तवा बाद में चढ़ाती हूँ."

जेवणं झाल्यावर पादरीसाहेब आले. बोलले आभारापासून सुरू करून, पण मला दिसत होतं ते कुठं चाललेत. बाजेवाला अजून मिळाला नव्हता. वसंतात दुःखभोगाचे चाळीस दिवस येतील, मग ईस्टर. "चालीस दिनों के गीत वैसे भी धीमे होते हैं, दीदी," ते म्हणाले, "आपको दिक़्क़त नहीं होगी."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

"काय विचार करायचाय," श्रीखंडाचं भांडं घेऊन जाता जाता हे म्हणाले. "मी त्यांना हो म्हणून सांगितलंय."

तेव्हापासून मी तिथली पेटीवाली. दर रविवारी सकाळी हे स्कूटर बाहेर काढतात, पेटी पुढच्या फळीवर पायांमध्ये धरतात, मी मागे बसते, आणि सिस्टर रिक्शाचे पैसे वाचवायचे म्हणून आमच्या आधीच पायी निघालेल्या असतात.